मेंदूस्नेही वर्ग: नव्याने रुजू झालेल्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

अभिनंदन! जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर तुम्ही रुजू झालात. पटावर मुलं तेवीस, वर्ग पहिली ते चौथी, शिक्षक दोन, त्यांतला एक बहुतेक वेळा केंद्रावर. अशातच मोबाइलवर संदेश येतो: ‘आपला वर्ग मेंदूस्नेही करून फोटो सायंकाळी पाचपर्यंत ग्रुपवर टाकावेत.’ घाबरू नका. हाच वर्ग आधी कृतियुक्त होता, मग आनंददायी झाला, नंतर ज्ञानरचनावादी झाला, मध्ये काही दिवस डिजिटलही होता. खोली तीच आहे. पावसाळ्यात गळणारा कोपराही तोच आहे. यंदा तो मेंदूस्नेही पद्धतीने गळेल, एवढाच फरक.

फक्त एक व्याख्या आधी पाठ करा. तुमच्या वर्गात रोज तेवीस मेंदू येतात. चोविसावा मेंदू दोन-तीन महिन्यांतून एकदा, गाडीतून, वीस मिनिटांसाठी येतो. मेंदूस्नेही वर्ग म्हणजे या चोविसाव्याला पाहताक्षणी आवडेल असा वर्ग. हे एकदा ध्यानात ठेवलं की पुढच्या पायऱ्या आपोआप सुचत जातात.

लागणारं साहित्य

ऑइल पेंटचे सहा डबे, गावातला पेंटर (देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं लिहितो तोच), पताका, दोरी, चिमटे, बाटल्यांची झाकणं अर्धं पोतं, आइस्क्रीमच्या काड्या, थर्माकोल (बंदी आहे, पण कपाटामागे एक तुकडा असतोच), मेंदूचं मोठं चित्र, डावा भाग निळा, उजवा गुलाबी, फोटोवर तारीख, वेळ आणि ठिकाण उमटवणारा मोबाइल. पैसे लोकसहभागातून. लोकसहभाग म्हणजे तुमचा पगार. मुलं: उपलब्धतेनुसार.

पायरी पहिली: प्रशिक्षण घ्या

मेंदूबद्दल काहीच माहीत नसताना वर्गात शिरणं धोक्याचं. म्हणून तालुक्याला जा. तिथे पत्र्याच्या सभागृहात सत्तर शिक्षक, दोन पंखे आणि एक तज्ज्ञ असतात. माणसाचं चित्त वीस मिनिटांपलीकडे एका जागी टिकत नाही, असं तज्ज्ञ सांगतात. हे सांगायला त्यांना पावणेदोन तास लागतात.

मग मेंदूचं चित्र पडद्यावर येतं. डावा मेंदू हिशेबी, उजवा मेंदू कलावंत. आपण मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो. काही मुलं डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही हातांनी; तेव्हा त्यांचे गट पाडा. हे सगळं वहीत उतरवून घ्या, कारण शेवटी चाचणी असते. चाचणी संपल्यावर वहीतून खोडून टाका. कुठल्याही साध्या कामात मेंदूचे दोन्ही अर्धे मिळून राबतात. दहा टक्क्यांची गोष्ट निव्वळ दंतकथा. आणि डोळेवाले-कानवाले असे गट पाडून शिकवल्याने मुलं जास्त शिकतात, याला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली सगळे अभ्यास चाळून काढला आहे. तुमच्या वर्गात तर असे गट पाडायचे म्हटले तरी पंचाईत. पहिलीतली सहा मुलं खिडकीतून बकऱ्या बघून शिकतात. त्यांचा गट कोणता?

मोझार्टचं संगीत लावलं की मूल हुशार होतं, हेही कोणी ना कोणी सांगेलच. त्यामागचा १९९३चा प्रयोग कॉलेजातल्या तरुणांवर झाला होता आणि त्याचा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत विरून गेला होता. तरीही अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या राज्यपालांनी १९९८ साली प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची भेट देण्याचा प्रस्ताव मांडला. परिपत्रकं काढण्याची हौस फक्त आपल्याकडेच आहे असं समजून मन खट्टू करून घेऊ नका.

पायरी दुसरी: भिंती बोलक्या करा

भिंतीवर वीतभर जागाही मोकळी ठेवू नका. मोकळ्या जागेवर मुलाची नजर विसावते आणि विसावलेली नजर अहवालात दाखवता येत नाही. पूर्वेला मुळाक्षरं, पश्चिमेला पाढे, दक्षिणेला महाराष्ट्रातले किल्ले, उत्तरेला मुख्यमंत्र्यांपासून केंद्रप्रमुखांपर्यंत सर्वांची नावं (ही मात्र खडूने लिहा, बदलतात). छताला लोंबती फुलपाखरं लावा. दारावर सुविचार, खिडकीवर पर्यायी सुविचार.

अमेरिकेत पिट्सबर्गमधल्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाकडे मात्र अजिबात लक्ष देऊ नका. त्यांनी बालवाडीतल्या चोवीस मुलांना काही धडे भरगच्च सजवलेल्या खोलीत शिकवले आणि काही जवळजवळ कोऱ्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचा साधारण ३९ टक्के वेळ भलतीकडे बघण्यात गेला, कोऱ्या खोलीत २८ टक्के. धड्यावरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं सजवलेल्या खोलीत ४२ टक्के, कोऱ्या खोलीत ५५ टक्के. मतलब असा की भिंती फार बोलायला लागल्या की गुरुजींचं ऐकू येत नाही. पण कोऱ्या भिंतीचा फोटो ग्रुपवर टाकून बघा. सव्वापाच वाजता फोन येईल: ‘सर, काम सुरू केलं नाही का?’

पायरी तिसरी: फरशी रंगवा

भिंत संपली की खाली या. सापशिडी, आगगाडी, शंभरापर्यंतचे चौकोन, स्वर-व्यंजनांचं कमळ. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांनी फरशीवर मुलांना बसवून, उठवून, स्वतः शोधायला लावून शिकवायला सुरुवात केली. २०१५च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि राज्यभरातले शिक्षक गाड्या करकरून तिकडे जाऊन आले. जे पाहिलं ते मोबाइलमध्ये घेऊन आले. मोबाइलमध्ये फरशी आली. प्रत्येक मुलाशेजारी बसून त्याचं कुठे अडलंय हे बघणारी बाई मात्र फोटोत येऊनही कोणाला दिसली नाही. आपण फरशीच रंगवू. तिच्यावर खिचडीची ताटं सरकून सरकून दिवाळीपर्यंत ७ चा १ होतो, तोवर पुढचं परिपत्रक आलेलं असतं.

पायरी चौथी: आकड्यांना हात लावू नका

रंग कितीही द्या, पण जिथे मुलाच्या मेंदूची खरोखर ओढाताण होते तिथे बदल सुचवू नका. तिथे माणसं चिडतात.

उदाहरण बघा. आपण ‘त्रेपन्न’ म्हणतो. कानावर आधी तीन पडतात, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी ५, मग ३. सात वर्षांच्या मुलाने ऐकलं तसं लिहिलं तर ३५ होतात आणि आपण लाल शाईने फुली मारतो. त्यापुढचं ‘एकोणसाठ’. म्हणजे साठाला एक कमी. मुलाला वजाबाकी अजून नीट यायची आहे, पण आकड्याचं नाव कळायलाच ती यावी लागते. कानडी किंवा तेलुगू मुलाच्या वाट्याला ही कसरत येत नाही. त्याची भाषा आधी वीस म्हणते आणि मग एक. जर्मन मूल मात्र आपल्यासारखंच उलटं ऐकून सुलटं लिहितं.

माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीत एका वेळी चारेक गोष्टी मावतात. लहान मुलाच्या त्याहून कमी. त्यांतल्या दोन नुसता आकडा उलटा करण्यातच खर्ची पडल्या, तर हातच्याला जागा कुठून आणायची?

हे ओळखून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस, बावीस’च्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची सोय दिली गेली. गणितज्ञ मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जुनी नावं पुस्तकात होतीच. तरीही त्या जूनमध्ये महाराष्ट्रात अशी काही खळबळ उडाली की जणू पाढेच रद्द झाले. मराठी बुडाल्याची बातमी आली, विनोदांचा पूर आला, विषय विधिमंडळात गेला. ज्यांनी मुलांना इंग्रजी शाळेत ‘ट्वेंटी वन’ म्हणायला घातलं होतं, म्हणजे वीस एकच, तेही ‘एकवीस’साठी हळहळले. तेव्हा सांभाळून राहा. मेंदूशी स्नेह करावा, पण लोकांच्या सवयीशी वैर धरू नये.

पायरी पाचवी: पोटाकडे दुर्लक्ष करा

मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या शरीराच्या अवघं दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो. पाच-सहा वर्षांच्या मुलात तर दिवसभराच्या ऊर्जेतले चाळीस टक्क्यांहून जास्त मेंदूच गिळतो. मेंदूस्नेही वर्गाची सुरुवात चुलीपासून होते, असा याचा अर्थ कोणी काढला तर तो व्यवहारशून्य समजावा.

दुपारच्या जेवणाची राष्ट्रीय योजना १९९५ पासून आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम तांदूळ, ताटात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं हे प्रमाण ठरलेलं आहे. घरातली दोन्ही माणसं पहाटेच मजुरीला गेलेली असतात, तेव्हा काही मुलं चहात बुडवलेल्या बटरवर शाळेत येतात. साडेअकराला त्यांचे डोळे जडावतात. अशा वेळी त्यांना उभं करून ‘लक्ष कुठे आहे?’ असं विचारण्याची पद्धत आहे. लक्ष खिचडीच्या फोडणीकडे असतं. मुलं प्रामाणिकपणे तसं सांगत नाहीत, कारण पुढची पायरी त्यांना माहीत असते.

पायरी सहावी: भीती घालवा

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हींना मनाई केली आहे. त्यामागे दयाबुद्धी आहेच, पण मेंदूचं कारणही आहे. भ्यालेला मेंदू धोक्यावर नजर ठेवण्यात गुंततो. आठवण आणि विचार यांना त्याच्याकडे सवड उरत नाही. कालपर्यंत घडाघडा येणारा सातचा पाढा छडी समोर दिसली की पळून जातो, तो खोडसाळपणे नव्हे.

म्हणून पेंटरकडून दर्शनी भिंतीवर ‘भयमुक्त शाळा’ ही अक्षरं लाल रंगात काढून घ्या. परिपाठाला मुलांना बजावून सांगा: ‘साहेब आले की अजिबात घाबरायचं नाही. जो घाबरेल त्याला नंतर बघून घेईन.’

पायरी सातवी: लक्ष एकाग्र करा

मुलांचं नव्हे, तुमचं. वर्गात उभं असताना तुमच्या डोक्यात काय काय असतं ते मोजा: चार इयत्ता, पोषण आहाराची आजची ऑनलाइन नोंद, तीन मुलांचे आधार जुळत नाहीत ते, मतदारयादीचं काम, शौचालयाच्या नळाची तोटी आणि ‘अतितात्काळ’ असा मथळा असलेली माहिती, जी मागच्या महिन्यातही दिली होती. शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर कामांना लावू नये, असं त्याच कायद्याचं सत्ताविसावं कलम सांगतं. ते टाचणवहीच्या पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात लिहून ठेवा. तेवढाच मनाला धीर.

तात्पुरत्या स्मृतीत चार गोष्टी मावतात हे आपण पाहिलंच. तुमच्याकडे पाचवी गोष्ट आली की एक बाहेर पडते. ती नेहमी पहिलीतली असते, मागच्या रांगेत बसते, आणि काही विचारत नाही.

नेहमीच्या शंका

*शिकवलेलं मुलं दोन दिवसांत विसरतात. काय करू?* मेंदूचा तो स्वभाव आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःलाच निरर्थक अक्षरं पाठ करायला लावून हे मोजलं आणि १८८५ साली प्रसिद्ध केलं. उपाय जुनाच. पुन्हा वाचून दाखवण्यापेक्षा पुस्तक मिटून ‘काल काय पाहिलं, सांगा बरं’ असं विचारणं. मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने. आपले जुने गुरुजी हेच करायचे. त्याला इंग्रजी नाव नव्हतं म्हणून ते उपक्रमात धरलं गेलं नाही.

*मूल वर्गात तोंडच उघडत नाही.* घरी कोणती भाषा बोलतं ते विचारलंत का? घरात पावरी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला आपण पहिल्याच दिवशी ‘अ अननसाचा’ शिकवतो. अननस त्याने पाहिलेला नसतो आणि ‘चा’ त्याच्या भाषेत नसतो. ते मूल गप्प नाही, पाहुणं आहे.

*माझ्या शाळेला धड भिंतीच नाहीत. रंगवू काय?* आदिवासी मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनाही ही अडचण आली होती. मुलं गुरांमागे जात, शाळेत येत नसत. मग शाळाच गुरांमागे गेली. तिला कुरणशाळा म्हणत. भिंती, फरशी, छत यांतलं काहीच नव्हतं; रंगाचा सगळा खर्च वाचला.

पायरी आठवी आणि शेवटची: भेट

इथवर सगळं जमलं की चोविसाव्या मेंदूची वाट बघा. माझ्याकडे तो आला त्या दिवसाची हकिकत सांगतो, म्हणजे तुमची चूक टळेल.

दारात तैलरंगात ‘एकूण पट २३’ असं रंगवलेलं होतं. त्याखाली ‘आज हजर’ पुढे खडूने आकडा लिहायचं काम दुसरीतल्या एका मुलाकडे. त्या दिवशी त्याने लिहिलं: ३२.

साहेबांनी फुलपाखरं पाहिली नाहीत, फरशी पाहिली नाही. ते त्या आकड्यापाशी थांबले. ‘पट तेवीस आणि हजर बत्तीस?’ त्यांची नजर खिचडीच्या पातेल्याकडे वळली. नऊ मुलं जास्त म्हणजे रोजचे नऊशे ग्रॅम तांदूळ. माझ्या तोंडाला कोरड पडली. सहाव्या पायरीत लिहिलंय ते अगदी खरं आहे: त्या क्षणी मला माझ्या शाळेचा यूडायस क्रमांकसुद्धा आठवत नव्हता.

साहेबांनी मुलाला पुढे बोलावलं. ‘किती मुलं आलीत रे आज?’

‘तेवीस.’

‘मग हे काय लिहिलंस?’

मूल गप्प. एरवी मी लगेच मध्ये पडलो असतो, ‘अरे, तेवीस म्हणजे दोनावर तीन!’ किंवा साहेबांनीच पुढचा प्रश्न टाकला असता. पण नेमका त्यांचा फोन वाजला आणि ते पाठ फिरवून ‘हो सर, पाठवतो सर’ म्हणत राहिले. मला बोलायची हिंमत नव्हती. वर्गात काही क्षण कोणीच काही बोललं नाही.

तेवढ्यात मूल स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालं, ‘ते-वीस. ते म्हणजे तीन, म्हणून तीन आधी लिहिले. वीसचे दोन मग.’ त्याने वरच्या रंगवलेल्या २३ कडे पाहिलं. खालच्या ३२ कडे पाहिलं. पुन्हा वर पाहिलं. ‘म्हणताना उलटं आहे,’ असं पुटपुटत त्याने तळहाताने ३२ पुसले आणि २३ लिहिले. हात चड्डीला पुसला आणि जागेवर जाऊन बसलं.

साहेबांचा फोन संपला. त्यांनी आकडा पाहिला, मान डोलावली आणि शेरेबुकात लिहिलं: ‘वर्गसजावट उत्तम.’

त्या दुपारी माझ्या वर्गात मेंदूस्नेही असं एकच काही घडलं आणि ते मी केलेलं नव्हतं. फोन करणाऱ्या कुणा वरच्या साहेबांनी केलं होतं. अमेरिकेतल्या मेरी बड रो या संशोधक बाईंनी प्रश्नानंतरचं हेच थांबणं वर्षानुवर्षं वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. तेच तीन सेकंद किंवा जरा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात.

तेव्हा पहिली व्याख्या खोडा. चोविसावा मेंदू त्याच्या गाडीने येईल आणि जाईल. उद्या सकाळी त्या तेविसांपैकी कोणाला तरी ‘हे तू कसं केलंस?’ असं विचारा आणि मनातल्या मनात मोजा: एक, दोन, तीन. याला निधी लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही, आणि याचा फोटोही निघत नाही. म्हणूनच याचं परिपत्रक अजून आलेलं नाही. ते यायच्या आत सुरू करा.